मोटारीला मिस कॉल द्यायचा की ॲप टाकायचं?

यावेळच्या प्रश्नपेटीत एकच विषय सहा जणांनी सहा तोंडांनी विचारलाय, म्हणून म्हटलं हे सदर सगळं त्यालाच देऊ. मशीनने मशीनशी थेट बोलायचं, म्हणजे ज्याला एम टू एम म्हणतात, ते घ्यावं की सगळं इंटरनेटवर चढवणारं आयओटी, म्हणजे इंटरनेट ऑफ थिंग्ज, घ्यावं. डीलर लोकांनी या दोन शब्दांची अशी भेळ केलीय की आता सिमकार्ड असलेली कुठलीपण पेटी 'आयओटी' म्हणून दुप्पट भावात विकली जाते. तर एकेकाचं बघू.

प्रश्न : माझी चार एकर द्राक्षबाग आहे, तासगाव तालुक्यात. विहीर घरापासून दीड किलोमीटर लांब. साडेसात एचपीच्या मोटारीला सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर बसवलाय, कॉल केला की चालू-बंद होते, सहा वर्षं झाली. आता एक डीलर म्हणतोय हे जुनं झालं, काढा आणि आयओटीवालं घ्या, ॲपवर सगळं दिसेल, व्हॉल्व्ह पण आपोआप फिरतील, साठ हजारात करून देतो. घ्यावं का?

दादा, पहिली गोष्ट, तुमच्याकडे जे आहे ते जुनं नाही, ते वेगळं आहे. तुमचा फोन मोटारीच्या पेटीतल्या फोनला कॉल करतो, पेटी आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढते, मोटार सुरू. मधे कुठल्या कंपनीचा सर्व्हर नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही. हेच ते एम टू एम. आणि हे आपल्याच मातीतलं काम आहे बरं का, पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाने शेतपंप मोबाईलवरनं चालवायची सोय काढली आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं, तेव्हा आयओटी हा शब्द आपल्याकडे कोणाच्या तोंडात पण नव्हता. रात्री दोनला लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन बांधाबांधाने विहिरीवर जायचं, साप-विंचू बघत, ते त्याने वाचलं. तेवढंच काम असेल तर त्याला आजपण तोड नाही, कारण शेतात जिथे नेटचं चाक नुसतं गोल फिरत बसतं तिथे पण साधा कॉल आणि एसएमएस जातो.

मग आयओटी कधी? जेव्हा एकापेक्षा जास्त गोष्टींचा मेळ घालायचा असतो तेव्हा. मोटार चालू-बंद ही एक गोष्ट झाली. पण मातीतला ओलावा एका सेन्सरने सांगितला, पान किती तास ओलं राहिलं ते दुसऱ्याने सांगितलं, पाऊस किती झाला ते तिसऱ्याने, आणि हे सगळं एका जागी जमा होऊन गोडी छाटणीनंतर डाऊनी, म्हणजे पानांवरची बुरशी, येणार का, आज फवारणी करायची का उद्या, हे ठरवायला मदत झाली, तर ते काम तुमच्या कॉलवाल्या पेटीला जमणार नाही. तिला आठवण नसते, काल काय झालं ते तिला आज माहीत नसतं. चार एकर द्राक्षात एक चुकलेली फवारणी काय भावात पडते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. म्हणजे हवामानासाठी आणि ओलाव्यासाठी आयओटी घेताय तर पैसे कारणी लागतील. नुसती मोटार ॲपवर दिसावी म्हणून साठ हजार घालणार असाल तर राहू द्या, त्यात ड्रीपचे फिल्टर बदलून होतील आणि वर पैसे उरतील.

आता घ्यायचं ठरलंच तर डीलरला दोन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा. तोंडी सांगितलेलं धरू नका.

एक, नेट बंद करून दाखव. पेटीतलं सिम काढ आणि मग विहिरीतलं पाणी संपल्यासारखं कर. मोटार पाण्याविना फिरायला लागली की तिचे अँपियर खाली येतात, ते बघून स्टार्टरने स्वतःहून काही सेकंदात ट्रिप व्हायला पाहिजे. फेज गेला तरी तसंच. हा निर्णय पेटीतच व्हायला हवा. काही स्वस्त सिस्टीममध्ये अँपियरचा आकडा आधी वर सर्व्हरला जातो, तिथे ठरतं की बंद कर, मग आदेश खाली येतो. रेंज असली तर ठीक, नसली तर तो आदेश येईपर्यंत तुमची मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात.

दोन, ॲपवरचा हिरवा दिवा कशावरनं लागतो ते विचार. हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. मामांच्या शेतात असंच ॲपवालं होतं, ॲपवर मोटार चालू, हिरवागार दिवा, आणि बागेत दोन तास थेंब नाही. जाऊन पेटी उघडली तर मोटारीला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या पट्टीत पाल अडकून वाळून कडक झालेली, कॉइल ओढत होती, 'घुंई' आवाज येत होता, पण एक फेज टेकतच नव्हता. ॲपला फक्त इतकंच माहीत होतं की आदेश गेला. मोटार खरंच करंट घेतेय का हे मोजणारी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) त्या पेटीत नव्हतीच. तेव्हा दिवा आदेशावर लागतो की अँपियरवर, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. (आणि पेटीला खालनं वायर घालायचं भोक असतं ते एम-सीलने बुजवा, पाल तिथूनच येते.)

सिमचं पण बघा. साधं दहा आकडी सिम असेल तर रिचार्ज संपलं की इनकमिंग पण बंद होतं, आणि निम्म्या वेळा 'स्टार्टर बिघडला' म्हणजे रिचार्ज संपलेलं असतं. आयओटीवाल्या पेटीत बऱ्याचदा तेरा आकडी नंबरचं सिम येतं, मशीनसाठी असा वेगळा लांब नंबर आपल्याकडे २०१८ पासून आहे. त्या सिमवर बंधनं असतात, ठरवून दिलेल्या नंबरांनाच कॉल-मेसेज आणि ठरवून दिलेल्या पत्त्यावरच डेटा. सुरक्षेला ते चांगलंच, पण त्याचा अर्थ असा की उद्या कंपनीने दुकान गुंडाळलं तर ते सिम काढून दुसरीकडे वापरता येत नाही. पेटी जुन्या टूजी मॉड्यूलची असेल तर तिच्यात जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजी नाहीच. नवीन घेताय तर फोरजीवालीच मागा.

आणि काहीही बसवा पण आताचा कॉलवाला स्टार्टर काढून टाकू नका. तो राहू दे शेजारी, निवड करायला एक साधा चेंजओव्हर स्विच बसतो.

प्रश्न : आमच्या गावात महिलांची दूध संस्था आहे, फलटण भागात. दोन हजार लिटरचा बल्क कूलर आहे. मागच्या उन्हाळ्यात रात्री लाईट गेली, राखणीचा माणूस झोपला, जनरेटर लावलाच नाही, सकाळी सगळं दूध परत आलं. आता अलार्म बसवायचाय. एक जण म्हणतो हूटर आणि एसएमएसवाला घ्या, पंधरा हजारात होतो. ज्या संघाला दूध घालतो ते म्हणतात इंटरनेटवालाच घ्या. आमच्या बायकांना ॲप बघत बसायला वेळ नाही. सचिव म्हणून मी काय सांगू?

ताई, तुमचं पत्र वाचून पहिला विचार असा आला की अलार्म हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न जनरेटर. लाईट गेली की जनरेटर आपोआप सुरू होणारं पॅनल मिळतं, इलेक्ट्रिशियन त्याला एएमएफ पॅनल म्हणतात. ते मेन लाईनवर लक्ष ठेवतं, लाईन गेली की काही सेकंद थांबून जनरेटरला सेल्फ मारतं, लाईन आली की परत बदलतं. यात इंटरनेट नाही, मोबाईल नाही, माणूस पण नाही. एका मशीनने दुसऱ्या मशीनला उठवलं, बास. दूध चार अंशावर धरून ठेवायचं हे काम झोपलेल्या माणसावर पण नको आणि टॉवरवर पण नको. आधी पैसे तिथे घाला, आणि जनरेटरची बॅटरी चार्ज राहते का ते दर आठवड्याला बघा, कारण पॅनल कितीपण हुशार असलं तरी बॅटरी मेलेली असेल तर सेल्फ काय मारणार.

आता अलार्म. तुमच्यासाठी एसएमएस आणि कॉलवाला बरोबर आहे. दूध सहा अंशाच्या वर गेलं की तुम्हाला, अध्यक्षांना आणि राखणदाराला, तिघांना फोन वाजला पाहिजे. मेसेज नाही, फोन. रात्री मेसेजने कोण उठतंय. फक्त एक बघा, आणि हे हसण्यासारखं वाटेल पण फार ठिकाणी असंच असतं, अलार्मची पेटी ज्या बोर्डावर लावलेली असते त्याच बोर्डाची लाईट गेलेली असते. म्हणजे ज्या कारणासाठी बोंब मारायची त्याच कारणाने तोंड बंद. पेटीत स्वतःची बॅटरी पाहिजे.

संघाचं म्हणणं पण चूक नाही, त्यांचं काम वेगळंय. त्यांना तुमच्यासारखे शेकडो कूलर बघायचे असतात, कुठल्या गावात किती दूध साठलंय, टँकर आधी कुठे पाठवायचा, कुठला कूलर महिनाभर हळूहळू जास्त वेळ घेतोय म्हणजे त्याचा गॅस कमी झालाय. हे एसएमएसवर होत नाही, तिथे आयओटीच लागतं. मग साधं आहे, ज्याला शेकडो कूलर बघायचेत त्याने त्याचा खर्च उचलावा, निदान अर्धा तरी. मीटिंगमध्ये हे स्पष्ट बोला. डेटाचा खर्च म्हणून कोणी मोठा आकडा सांगितला तर तिथेच हिशोब करून दाखवा. तापमानाचा एक निरोप शंभर बाइटचा धरा, मिनिटाला एक पाठवला तर दिवसाचे १४४० निरोप, म्हणजे १४४ केबी, महिन्याला साडेचार एमबीच्या आतच. वरची बांधाबांध धरून तिप्पट करा, तरी लग्नाचा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला तर त्यात जास्त जातं.

अजून एक गोष्ट सांगतो ती तुमच्या कामाची आहे. आयओटीत निरोप पोचवायची एमक्यूटीटी म्हणून एक पद्धत आहे, १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी बनवली. ती कशासाठी बनवली तर वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला. तिथून निरोप सॅटेलाइटने यायचा आणि सॅटेलाइट म्हणजे शब्दाशब्दाला पैसे, म्हणून त्यांनी निरोपाचं पाकीट इतकं लहान केलं की वरचा पत्ता कमीत कमी दोन बाइटचा. आणि त्यात एक सोय ठेवली, तिचं नाव 'लास्ट विल', म्हणजे मृत्युपत्र. मशीन जोडलं जातानाच सांगून ठेवतं की मी न सांगता गप्प झालो तर माझ्या नावाने अमुक निरोप सगळ्यांना द्या. साठ सेकंदांची वेळ ठेवली असेल तर नव्वद सेकंद वाट बघून वरचा सर्व्हर तो निरोप वाटतो. तुमच्या हूटरवाल्या पेटीत हे नाही. तिची बॅटरी पण संपली, सिम पण संपलं, तर ती गप्प बसेल आणि तुम्ही समजणार सगळं ठीक आहे. संघाचं आयओटी बसलं तर हे एवढं मात्र करून मागा, आमचा कूलर बोलायचा बंद झाला तर आम्हाला फोन यायला हवा. तोवर राखणदाराला रोज संध्याकाळी पेटीला एक मिस कॉल द्यायला सांगा, रिंग गेली म्हणजे जिवंत आहे.

प्रश्न : कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, छोटीच. इंडक्शन फर्नेस, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर, शॉट ब्लास्टिंग वगैरे धरून नऊ एनर्जी मीटर आहेत आणि सगळ्यांना मागे आरएस-४८५ लिहिलेलं पोर्ट आहे. मुलगा इंजिनीअरिंग करून आलाय तो म्हणतो प्रत्येक मीटरला वायफाय मॉड्यूल लावू आणि डायरेक्ट क्लाउडवर टाकू. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायर टाका, मॉडबस करू. दोघांची रोज भांडणं. कोणाचं ऐकू?

खाली इलेक्ट्रिशियनचं ऐका, वर मुलाचं. दोघंही बरोबर आहेत, फक्त मजला चुकतोय.

मीटरपासून पॅनल रूमपर्यंत वायर. आरएस-४८५ म्हणजे दोन वायरींचा खेळ, १२०० मीटरपर्यंत जाते, एका लाइनवर साधारण ३२ एनर्जी मीटर बसतात, तुमचे तर नऊच आहेत. त्यावर जी भाषा बोलतात ती मॉडबस, १९७९ ची, मॉडिकॉन कंपनीने पीएलसीसाठी, म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी, काढलेली. मुलगा हसेल की आमच्या जन्माच्या आधीची, पण फाउंड्रीत पत्र्याची शेड, फर्नेसचा विजेचा गोंगाट, हवेत धूळ आणि वर पॉवरच्या केबलींचं जंगल, तिथे नऊ वायफाय मॉड्यूल म्हणजे नऊ दुखणी. त्यातली एक-दोन कायम ऑफलाइन दिसणार आणि मुलगा शिडी घेऊन फिरणार.

वायर टाकताना मात्र इलेक्ट्रिशियनवर पण लक्ष ठेवा. लाइन एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी जाऊ द्या, झाडाच्या फांद्यांसारखी फोडू नका. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. ए आणि बी वायर एका मीटरवर जरी उलट लागली तरी तो मीटर बोलणार नाही, आणि मग मीटरच खराब म्हणून बदलून आणतात, असं मी दोनदा पाहिलंय. प्रत्येक मीटरला वेगळा नंबर द्या, कंपनीतनं सगळे १ नंबरवरच येतात आणि मग दोघंही एकदम उत्तर देतात, भाजी मंडईसारखं. पिळाची शील्डवाली केबल घ्या, शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला, आणि फर्नेसच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून ती नेऊ नका. दहा फूट वळसा पडला तर पडू दे.

मग पॅनल रूममध्ये एक गेटवे. तो नऊ मीटर वाचेल आणि एकाच तोंडाने वर क्लाउडवर पाठवेल. इथे मुलाचं राज्य, त्याने वाटेल तेवढे ग्राफ काढावेत. एका टनाला किती युनिट पडले, कुठल्या शिफ्टला जास्त पडले, फर्नेस भरून ठेवून नुसती किती वेळ धरली, डिमांड कधी वर गेली, हे एकदा डोळ्यासमोर आलं की वीजबिलात फरक पडतो, आणि तो फरक मीटरमध्ये बसून कधी दिसत नाही, महिन्याचा डेटा एकत्र आला तरच दिसतो.

दोन गोष्टी मुलाला सांगा. मॉडबसला पासवर्ड नावाची गोष्टच नाही, जो लाइनवर आला तो घरचा. तेव्हा घरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये मॉडबसचं ५०२ नंबरचं पोर्ट उघडून ठेवायचं नाही, कधीच नाही. गेटवेने बाहेर बोलावं, बाहेरच्याला आत घेऊ नये.

दुसरी त्याहून मोठी. फर्नेसच्या कॉइलचं कूलिंग वॉटर थांबलं की पॉवर ट्रिप व्हायची जी सोय आहे, फ्लो स्विचपासून सरळ वायरने आलेली, तिला हात लावायचा नाही. उद्या कोणी म्हणेल की पाण्याचा फ्लो पण क्लाउडवर टाकू आणि तिथूनच ट्रिप देऊ. वितळलेलं लोखंड आणि पाणी एकत्र आलं तर स्फोट होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. फ्लोचा आकडा क्लाउडवर दिसू दे, हौस आहे तर दिसू दे, पण ट्रिप वायरनेच. तिथे गेटवे नको, वायफाय नको, मी तर म्हणतो सॉफ्टवेअर पण नको.

प्रश्न : डोंबिवलीत आमची सहा मजली सोसायटी आहे. गच्चीवरची टाकी रोज ओव्हरफ्लो होते, वॉचमन विसरतो. कमिटीत एकाने ॲपवालं वॉटर लेव्हल कंट्रोलर सुचवलंय, सगळ्या मेंबरना मोबाईलवर टाकीची लेव्हल दिसणार. दुसरे म्हणतात पाण्याबरोबर वर-खाली होणारा फ्लोट स्विच लावा आणि विषय संपवा. काय करावं?

फ्लोट स्विच लावा आणि विषय संपवा.

आता कारण सांगतो, आणि ते सांगताना मला माझीच फजिती सांगावी लागेल. आमच्या बिल्डिंगमध्ये मीच हौसेने असलं ॲपवालं बसवलं होतं, तेव्हा सदर लिहीत नव्हतो पण अक्कल वाटायचा जोर तेवढाच होता. दीड वर्ष मस्त चाललं, मीटिंगमध्ये मी मोबाईल काढून टाकी दाखवायचो. मग एका सकाळी पाचला बेल वाजली, खालचे काका गंजीफ्रॉकवर, त्यांच्या बाल्कनीत धबधबा. ॲप उघडलं तर 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. दुसऱ्या दिवशी पण तेच, कंपनीचा फोन बंद, वेबसाईट गायब. टाकी आमच्या गच्चीवर, मोटार आमच्या तळघरात, मधे अंतर ऐंशी फूट, आणि 'टाकी भरली' हा निरोप जात होता कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर आणि तिथून परत आमच्या तळघरात. तो सर्व्हर कोणीतरी बंद केला. चार दिवस मी स्वतः गच्चीत उभा राहून वरून 'बंद कर रे' ओरडत होतो. हे पण एका अर्थाने मशीन टू मशीनच, फक्त दोन्ही मशीन माणसं होती.

लहान कंपनी म्हणून असं झालं असं म्हणायचीपण सोय नाही. २०१६ मध्ये गुगलच्या अल्फाबेट समूहातल्या नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं हब बंद केलं, लोकांनी पैसे मोजून घेतलेले डबे शोभेला राहिले. गुगलने मशीन जोडायची आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली, एक वर्ष आधी सांगून केली हे खरं, पण ज्यांनी हजारो मशीन तिच्यावर टाकली होती त्यांना सगळं उचलून दुसरीकडे न्यावंच लागलं.

टाकी भरली की मोटार बंद, खालच्या टाकीत पाणी नसलं की मोटार चालूच नको, दोन फ्लोट आणि एक रिले, वायर लिफ्टच्या डक्टमधून नाही तर वेगळ्या पाइपमधून घ्या. झालं. मेंबरना लेव्हल दिसून काय करायचंय, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून भांडायला नवीन निमित्त, दुसरं काय.

हां, पाण्याचे टँकर मागवता का तुम्ही? तर मग महिन्याला किती पाणी आलं आणि किती गेलं याचा हिशोब ठेवायला इनलेटवर पल्स देणारा मीटर लावून तो इंटरनेटवर टाकायला माझी ना नाही. टँकरवाल्याचे दहा हजार लिटर खरंच दहा हजार असतात का हे तेव्हा कळतं. पण तो फक्त मोजेल, मोटारीला हात लावणार नाही, आणि मीटरच्या पेटीचा न् राउटरचा लॉगिन पासवर्ड कंपनीने दिलेला तसाच ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर एवढा मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ता पण नव्हता.

प्रश्न : मी कराडला डिप्लोमाला आहे. परीक्षेत एम टू एम आणि आयओटीतले फरक लिहा असं दहा मार्काला येतं. नोट्समध्ये फरकाचा तक्ता आहे पण त्यातून काही समजत नाही. सोपं करून सांगाल का?

तक्ता पाठ कर, मार्क त्यालाच आहेत. समजून घ्यायचं असेल तर पुढचं वाच.

एम टू एममध्ये दोन ठरलेली मशीन ठरलेल्या वाटेने ठरलेलं बोलतात. वाट वायरची असेल, एसएमएसची असेल, रेडिओची असेल. इंटरनेट असलंच पाहिजे असं नाही आणि नसलंच पाहिजे असंपण नाही. आयओटीमध्ये मशीन आपला डेटा अशा जागी ठेवतं जिथून कोणीपण, ज्याला परवानगी आहे तो, आज न ठरलेल्या कामासाठी पण उद्या तो वापरू शकतो. वरच्या फाउंड्रीत फ्लो स्विच ते ट्रिप हे पहिलं, नऊ मीटर ते ग्राफ हे दुसरं. तक्त्यात 'एम टू एम जुनं, आयओटी आधुनिक' असं लिहिलेलं असतं ते खोडून टाक, म्हणजे मनातून खोड, पेपरात राहू दे.

इतिहास विचारला तर, 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये एका सादरीकरणात दिलं, तेव्हा ते प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये होते आणि विषय होता मालावर आरएफआयडी, म्हणजे रेडिओने वाचता येणारं लेबल, चिकटवून तो साखळीत कुठे आहे ते बघायचा. पण नावाच्या खूप आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पोरांनी कोकच्या मशीनला कॉम्प्युटर जोडला होता, कारण एवढं चालत जायचं आणि बाटल्या संपलेल्या किंवा गरम, असं फार व्हायचं. कुठल्या रांगेत बाटली आहे आणि ती थंड झाली का हे त्यांना खोलीत बसून कळायचं. आळसाने केवढं विज्ञान पुढे नेलंय बघ.

प्रोजेक्टला साधं ईएसपी३२ (वायफायवाली छोटी चिप) घेणार असशील तर ते २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायला जोडतं, कॉलेजचं फक्त ५ वालं असेल तर रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसू नकोस.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. आई-बाबा सांगलीत दोघंच, दोघंही सत्तरीच्या पुढे. घरात गॅस लीक, लाईट जाणं, मुख्य दार रात्री उघडं राहणं, एवढं मला इथे कळावं असं काहीतरी बसवायचंय. तुमच्या मागच्या लेखांवरून वाटतं तुम्ही साध्या गोष्टी घ्या म्हणाल. इथे पण एसएमएसवालंच घेऊ का?

नाही, तुम्ही आयओटीच घ्या. तुमच्याकडे मधे सात समुद्र आहेत, भारतातल्या पेटीतलं साधं सिम तुम्हाला अमेरिकेत भरवशाने एसएमएस करेल ही आशा नको, आणि तुम्हाला एकट्याला नाही तर तुमच्या बहिणीला, शेजारच्यांना पण एकदम कळलं पाहिजे. दार, लाईट, गॅस अशा तीन वेगळ्या गोष्टींची वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या वेळी खबर, हे तंतोतंत इंटरनेटचं काम.

फक्त गॅसपुरतं माझं ऐका. गॅसचा सेन्सर असा घ्या की जो वास आला की तिथेच जोरात वाजेल, आणि जमलं तर सिलिंडरच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह स्वतः बंद करेल. तुम्हाला न्यू जर्सीत नोटिफिकेशन येईल तेव्हा तुम्ही कदाचित झोपलेले असाल, कदाचित गाडी चालवत असाल. आणि त्याला एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू करायला जोडून देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, गॅस पसरलेला असताना कुठलाही स्विच पडायला नको.

लाईट गेली की वायफाय पण जातं हे लोक विसरतात, म्हणजे 'लाईट गेली' हा निरोप पाठवणाराच बंद. राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो लावून घ्या, घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे का ते फोनवर बाबांना विचारू नका, ते हो म्हणतील. कोणालातरी पाठवून मेन स्विच पाडून बघा.